ऐनावरची लोकसंख्या

विद्यापीठ हे आसमंताचे हृदय असते. हे वाक्य आमच्या आचार्यांचे. मुरबाड आणि धसईच्या मधल्या माळावर आम्ही पहिल्यांदा उतरलो, तेव्हा हृदय जागेवर होते. आसमंत मात्र म्हशाच्या जत्रेला गेला होता.

चाळीस साल उजाडायचे होते. खेड्यात जाणे ही तेव्हा देशसेवा होती; खेड्याला विचारून जाण्याची पद्धत अजून पडली नव्हती. विद्यापीठ म्हणजे कारवीच्या कुडाच्या दोन पडव्या, चार शिक्षक आणि शहरातून आणलेले नऊ विद्यार्थी. एका पडवीत आम्ही राहत असू, दुसरीत ग्रंथ आणि कचेरी. वर्ग शेजारच्या ऐनाच्या राईत, कारण प्राचीन परंपरा तशी होती. आचार्यांनी राईला तपोवन म्हटले, भोवती काट्यांचे कुंपण घातले आणि फांदी तोडण्यास मनाई केली.

माघात मुंबईच्या विश्वस्तांचे पत्र आले. होळीपर्यंत आसपासच्या वस्त्यांमधली दहा मुले दाखल झाली नाहीत, तर संस्था कल्याणला हलवायची. मी कल्याणचीच कायमची नोकरी सोडून आलो होतो, आणि निघताना तिथल्या हेडमास्तरांना त्यागावर चार शब्द ऐकवले होते. परत जाणे शक्य नव्हते. वहीवर 'परिसर व लोकसंख्या' असे लिहून मी बाहेर पडलो.

पहिल्या वस्तीत एक म्हातारी तेवढी भेटली.

"घरात कोन नाय. समदी झाडावर हायेत."

मला तो टोमणा वाटला. कोसभर चालल्यावर कळले की ती माहिती होती. पुरुष कोयते घेऊन ऐनांच्या शेंड्यांवर, बाया आणि पोरे खाली भारे बांधत. या फांद्या वाळवून भाताच्या रोपाच्या जागेवर जाळायच्या, म्हणजे राब करायचा. राब नाही तर रोप नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या कृषिशास्त्राच्या प्राध्यापकांना नव्हते.

"घरात माणसं किती?" मी एका झाडाला विचारले.

"पाय दिसतात ना, मास्तर? मोजा न् दोनानं भागा!" झाड म्हणाले. शेजारची झाडे हसली.

"आणि पोरं विद्यापीठात घालणार का?"

कोयते थांबले. वस्तीतला वडीलधारा शेतकरी, ज्याचा शब्द सगळे मानत, सावकाश खाली उतरला.

"तुमच्या ऐनाला हात लावायचा नाय, न् आमची पोरं मात्र तुमाला पायजेत. राई घराशी होती, तवा भारे आमीच वाहायचो. आता कोसभर येतो. पोरांबिगर भारा घरी जाईल कसा?"

"रोप नाय झालं तर पोरांनी पाटी खायची का?" भारा डोक्यावर घेता घेता एक बाई म्हणाली.

"राई उघडा, मास्तर. पोरं मोकळी," म्हातारा म्हणाला.

मी आचार्यांना सांगितले. ते म्हणाले, "वृक्ष हे गुरू आहेत."

"गुरूंना शिष्य लागतात. फांदी पुन्हा फुटेल. कल्याणला गेलेली संस्था फुटणार नाही."

त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः काटे ओढून बाजूला करायला लागलो. हात सोलवटले, पण दुपारपर्यंत बैलगाडी जाईल एवढी वाट झाली. आचार्य पडवीच्या दारात उभे होते.

"हे माझ्या संमतीशिवाय चालले आहे," ते म्हणाले आणि आत गेले. त्यांच्याकडून संमती यापेक्षा स्पष्ट शब्दांत कधी मिळत नसे.

संध्याकाळपर्यंत राईत कोयते वाजू लागले. पाचव्या दिवशी तो म्हातारा बारा पोरे घेऊन दारात आला. त्यांत तीन मुली होत्या.

"घ्या. आमचा भारा उतरला, आता तुमी वाहा."

बाराही नावे मी त्याच्यासमोर लिहिली आणि यादी मुंबईला धाडली. संस्था राहिली. विश्वस्तांनी उलट टपाली अभिनंदन कळवले आणि वर्ग वृक्षांच्या छायेतच भरत राहोत अशी इच्छा व्यक्त केली.

राईत एकाही ऐनाला पान उरले नव्हते. बैल दिवसा बाहेर असत, म्हणून पावसाळ्यापर्यंत विद्यापीठ त्या म्हाताऱ्याच्या गोठ्यात भरले.