लवू राऊळचे लोखंडी टोप

आमच्या घोडपदेवच्या चाळीत छंदिष्ट माणसं कमी नव्हती. कुणी कबुतरं पाळी, कुणी भजनात पेटी बडवी. पण लवू राऊळनं लढाईतले जुने लोखंडी टोप जमवायला घेतले, तेव्हा अख्ख्या मजल्यानं त्याला वेड्यात काढलं. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी पालिकेत कारकून, चार बुकं शिकलेला, भिंतीपलीकडचा शेजारी. आगाऊपणा करायचा पहिला हक्क माझाच.

छंद कसला! बुडणारा माणूस हातपाय मारतो ना, तसला प्रकार होता तो.

लवूचा धाकटा भाऊ आनंदा चव्वेचाळीस साली इटलीतल्या लढाईत हरवला. दोघे भाऊ मालवणहून एकाच बोटीनं आले होते, पण गिरणीत बदलीची जागा निघाली एकच. ती लवूनं घेतली, आणि आनंदाला स्वतः हाताला धरून पलटणीच्या भरतीला नेऊन उभं केलं. पुढं सरकारी कागद आला तो मीच वाचून दाखवला. त्यात आनंदाचा पलटणीतला नंबर, जो लवूनं तेव्हाच पाठ केला, आणि ‘बेपत्ता’ एवढंच होतं. मेला असं नाही, जगला असंही नाही. आनंदाची बायको सुंदराबाई तेव्हापासून लवूच्याच खोलीत राही आणि कपाळावर ठसठशीत कुंकू लावून गिरणीच्या रीळखात्यात कामाला जाई.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोनं कुंकू पुसायचं, ही त्यांच्या गावची रीत. छप्पनच्या वैशाखात बारा वर्षं भरत होती. लवूची आई जाईबाई चोपन्नपासूनच गावाहून पत्रं पाठवून आठवण द्यायला लागली. पत्र ऐकलं की लवूचा चेहरा उतरायचा.

“जितो असलो तर?” तो मला विचारी. “माझ्या हातान जाळू त्येका?”

अशात एका पेन्शनर शिपायानं त्याला सांगितलं की, पलटणीतली माणसं टोपाच्या आत आपला नंबर रंगवून ठेवत. झालं! चोरबाजारात लढाईचं भंगार येतं, त्यात आनंदाचा टोप येईल. टोपाला गोळीचं भोक असलं तर भाऊ गेला, नसलं तर कुठंतरी आहे. असा लवूचा हिशोब. मी म्हटलं, “अरे येड्या, इटलीतला टोप इथं कसा येणार?”

“बोटीन,” तो म्हणाला. “मी नाय इलंय बोटीन?”

आता याला काय सांगायचं!

दर शुक्रवारी तो चोरबाजारात कासमभाईच्या दुकानात जाऊन बसायचा. धड टोप त्याला परवडत नसत. चेपलेले, आतलं चामडं सडलेले, भंगाराच्या वजनावर मिळणारे तेवढेच तो उचली. विडी सोडली, चहा सोडला. परातीसारखा पसरट टोप विलायती, कानांवर उतरलेला जर्मन, कपाळावर तुरा खोचायची नळी असलेला कुणा संस्थानिकाच्या पदरच्या स्वाराचा, हे सगळं त्याला तोंडपाठ झालं. तो संस्थानिकाचा टोप आनंदाचा असणं शक्यच नव्हतं, तरी आणला. “हय ठेवलेलो बरो,” म्हणाला. नाद लागला होता, दुसरं काय.

टोपांच्या आत डांबर, गंज आणि वर्षानुवर्षांचा मळ. आकडे त्याखाली असतील म्हणून लवूच घरात सांगे, “आतसून नीट घासा.” त्याची बायको मालन नाक मुरडायची. सुंदराबाई मात्र मुकाट्यानं टोप मोरीत नेई आणि विटेची पूड, काथ्या घेऊन बसे. टोप ताटासारखा लखलखीत होऊन येई, आणि आत काही नसे. “विकूच्या आदी आकडे पुसतत वाटता,” असं म्हणून लवू तो फळीवर ठेवून देई. असे नऊ झाले.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई आपल्याला मिळत नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. गोळ्या सुटत होत्या. चाळीतले तरुण दारात येऊन म्हणाले, टोप द्या. लवू घरी नव्हता. सुंदराबाईनं नऊच्या नऊ काढून दिले. लवू आला, रिकामी फळी बघितली आणि अनवाणीच लालबागच्या दिशेनं धावत सुटला. माणसं गोळीबारातून पळून येत होती आणि हा गाढव आत घुसत होता. सहा टोप घेऊन आला. खांदा लाठीनं सुजलेला. मी त्याला वाट्टेल ते बोललो. रागावलो होतो, कारण घाबरलो होतो.

वैशाख तोंडावर आला. त्या शुक्रवारी मी त्याच्याबरोबर गेलो, तो पुन्हा कुठं मार खाऊन येऊ नये म्हणून. कासमभाईनं एक पसरट टोप पुढं केला. लवूनं तो उजेडात धरला, थुंकी लावून आतून बोटानं घासला आणि माझ्यापुढं धरला. चार आकडे दिसत होते, बाकीच्यांवर डांबर होतं. चारही आनंदाचे होते. टोपाला भोक नव्हतं. मी, चार बुकं शिकलेला, भर रस्त्यात रडलो.

घरी येऊन त्यानं टोप उंबऱ्यापाशी ठेवला आणि रॉकेल मागायला माझ्या खोलीत आला. डांबर हलक्या हातानं काढायचं होतं. बाटली शोधायला मला जरा वेळ लागला.

लवू बाटली घेऊन पुढं, मी मागं, असे त्याच्या खोलीत गेलो तो सुंदराबाई मोरीत बसलेली. विटेची पूड कोपरापर्यंत. टोप आतून पांढराफेक झाला होता.

बारा वर्षं एका खोलीत राहून सुंदराबाई थोरल्या दिराशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. मालनला सांगायची, मालन त्याला सांगायची. आज ती त्याच्याकडे बघून बोलली.

“भावजी, टोप इलो नि माणूस नाय इलो, तर मी काय समजाचा?”

“सुंदरा, भोक नाय होता त्येका—”

“माका वाचूक येना नाय. खयचो आकडो त्येंचो, ता मी कसा वळखतलंय? म्हणान सगळेच पुसलंय. पयल्यापासून.”

म्हणजे नऊच्या नऊ टोपांत काहीबाही असणार. दोन वर्षं हा माणूस उपाशीतापाशी आकडे शोधून आणत होता आणि ही बाई ते धुवून टाकत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काहीतरी बोलणार, तोच तिच्या कपाळाकडे लक्ष गेलं. घामानं कुंकू ओघळलं होतं, आणि ते पुसलं जाऊ नये म्हणून ती मान ताठ धरून बसली होती.

लवूनं हातातली बाटली खाली ठेवली. मोरीच्या कठड्याशी उकिडवा बसून त्यानं टोप हातात घेतला, फिरवला, कडेपाशी थांबला. मग तो तिच्या हातात परत दिला.

“हय एक आकडो रवलो,” तो म्हणाला. “तो पण पूस.”