न वाजणारं यंत्र

आईच्या गळ्याचा कॅन्सर डॉक्टरांनी काढला, त्याबरोबर तिचा आवाजही गेला. स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याशी खाली एक भोक राहिलं. त्यातून ती श्वास घेते आणि त्यावर मऊ पांढरा रुमाल बांधते.

तो आवाज काय होता ते आमच्या गल्लीला विचारावं. आई माळशिरसकडच्या शेतकरी घरातली. विहिरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला बोलायची सवय. वडिलांनी सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागात घर बांधलं, पण तिनं आवाज काही शहराच्या मापाचा करून घेतला नाही. भाजीवाला कोपऱ्यावर असतानाच त्याला कळायचं की आज ह्या दारात वांगी खपायची नाहीत.

घर दोन मजली. खाली आई, वर माझे काका-काकू आणि त्यांचा मुलगा. वडील गेल्यापासून काकाच घरातले कर्ते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बोलायला गोड, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलणारे. मी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. धाकटा भाऊ जर्मनीत, कारखान्यात.

आई दवाखान्यातून घरी आली आणि काका तिचा आवाज झाले. कुणी दारात आलं की आई पाटी घ्यायची, पेन्सिल उचलायची आणि अक्षर उमटायच्या आत काका बोलून मोकळे. "वहिनींचं म्हणणं असं की उद्या या." "वहिनी म्हणतात, आता दूध कमीच घालत जा." आई पाटीवर थापट्या मारायची. काका हसायचे. "वहिनी, दम घ्या. मी आहे ना."

पाटी वाचायची तर माणसाला थांबावं लागतं. काका असताना थांबायची कुणाला गरजच उरली नव्हती.

एका रविवारी मी आईसाठी पातळ खिचडीचा डबा घेऊन गेले, तर दारात टेम्पो उभा. पुढच्या खोलीतून आईची कॉट बाहेर निघत होती. कपाट आधीच स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेलं होतं. जिथं आम्ही ज्वारीची पोती आणि जुने पंखे ठेवतो, त्या खोलीत. टेम्पोतून बाक उतरत होते. चुलतभावाला पुढच्या खोलीत शिकवणीचा क्लास काढायचा होता.

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं तोंड उघडलं. पूर्वी असं तोंड उघडलं असतं तर टेम्पोवाला बाक टाकून पळाला असता. आता रुमालाखालून नुसती हवा गेली, सायकलच्या ट्यूबमधून जावी तशी. बाक बसवायला आलेल्या सुतारानं तिच्याकडं पाहिलं आणि मग काकांकडं.

"चालू द्या," काका म्हणाले. "त्यांना मान्य आहे. सगळं बोलणं झालंय."

मी डबा खाली ठेवला आणि भांडले. काकांनी आवाज जरासुद्धा चढवला नाही. "हे बघ बाई, तू सासरी असतेस. तुझ्या भावाची परवानगी घेतलीय. विचार त्याला."

मी तिथूनच भावाला फोन लावला. तो म्हणाला, "पण आईच म्हणाली ना, मागची खोली शांत आहे म्हणून?"

"तुला कुणी सांगितलं?"

"काकांनी. आणि दिवाळीला मी येणार होतो ना, तर आई म्हणाली म्हणे, रजा वाया घालवू नको, मी बरी आहे."

मी आईकडं वळून तेच शब्द तिला सांगितले. मुलानं यायचं म्हटलं होतं, हे तिला माहीतच नव्हतं. तरी येईल या आशेनं दिवाळीत तिनं त्याच्यासाठी शेव केली होती आणि डबा भरून वाट पाहिली होती.

भावाला मी सगळं सांगितलं, पण तो अर्धवटच ऐकत होता. "तुमच्यात काय चाललंय ते मला इथून कसं कळणार? आईनं सांगितलं तर मी मानीन." त्याचं चूक नव्हतं. पण आईनं सांगायचं कसं?

फोन होता की तिच्याकडं. भावानंच पाठवलेला, मोठ्या काचेचा. एकदा त्यावर मला निरोप लिहिताना तिचं बोट भलतीकडं लागलं आणि माझ्या सासऱ्यांना फोन गेला. पलीकडून ते "हॅलो, हॅलो" करत राहिले आणि इकडून फक्त तिचा श्वास. शेवटी ते ओरडले, "कोण फुंकतोय रे भडव्या?" आईनं तो फोन ज्वारीच्या डब्यात खुपसला आणि वरून झाकण लावलं. व्हिडिओ कॉलचं नाव काढलं तरी ती रुमाल घट्ट धरायची. गळ्याचं ते भोक मुलाला दिसू द्यायचं नव्हतं.

त्या रविवारी संध्याकाळी तिनं पाटीवर लिहिलं, "वाजनार न्हाय आसं कायतरी आन. नुसतं लिवायचं आनि पाटवायचं."

मग माझा शोध सुरू झाला. ऑफिस सुटल्यावर मी नवी पेठेत दुकानं पालथी घालायची. "असं काही आहे का, ज्याच्यावर फक्त ईमेल करता येईल? फोन नको, गाणी नको, काही वाजायला नको." दुकानदार माझ्याकडं बघत राहायचे. एकानं मला फोन दाखवला. "आज्जीला भजनं बघता येतील बघा, क्लिअर एकदम." दुसरा म्हणाला, "मॅडम, लोक जास्त मागतात, तुम्ही कमी मागताय." घरचा लॅपटॉप मी आईसमोर ठेवून पाहिला. पडद्यावरचा बाण पळाला तशी ती हात झटकून उठली.

शेवटी आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर बघणारे गृहस्थ होते, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असलं यंत्र विकत मिळत नाही, करून घ्यावं लागतं." त्यांनी एक जुना टॅब घेतला, त्यातलं सगळं काढून टाकलं आणि नुसतं टपाल ठेवलं. आवाज कायमचा बंद. अक्षरं हरभऱ्याएवढी. त्याला खरा, बोटांखाली दबणारा कीबोर्ड जोडला आणि बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले. उघडलं की पडद्यावर दोनच फोटो दिसायचे, माझा आणि भावाचा. फोटो दाबायचा, लिहायचं आणि हिरवं बटण दाबायचं.

आईला बटणं आवडली. ती त्यांच्यावर भाकरी थापल्यासारखी बोटं मारायची. शाळा सातवीपर्यंतची, त्यामुळं जोडाक्षराला अडायची आणि मग यंत्राकडं रागानं बघायची. माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी काका वर झोपले की आमचा अभ्यास. तिचं पहिलं पत्र ऑफिसात माझ्याकडं आलं. "पोचलं का. आमटीत मीट जास्त झालंय." मी टेबलाखाली तोंड लपवून रडले.

एकदा काका खाली आले आणि टॅब बघून म्हणाले, "वा! वहिनींना भजनं ऐकायला आणलंस. छान केलंस. मन रमेल." आईनं मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले, भजनात रमल्यासारखं. काका जिना चढून गेल्यावर तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. तिला असं खूश मी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "आता धाकट्याला लिही. सगळं लिही."

तिनं टाईप केलं, "एकट्याला न्हाय. समद्यांच्या म्होरं माज्या नावानं बोलल्यात. मी बी समद्यांच्या म्होरं बोलनार."

मग तिनं एकेक नाव सांगून माझ्याकडून सगळ्या नातेवाइकांचे पत्ते घालून घेतले. मामा, आत्या, चुलत्यांची मुलं, काकूच्या माहेरचे. पडद्यावर तिसरं बटण आलं, 'सगळे'. भावाचा पत्ताही त्यातच होता. आणि मुहूर्तही तिनंच काढला. क्लासच्या उद्घाटनाला पुढच्या खोलीत सत्यनारायण होता, तो दिवस.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं. माळशिरसहून मामा आले, अक्कलकोटहून काकूचे भाऊ. ते शाळेत मास्तर, घरात कानडी बोलणारे, मराठीही त्याच चालीवर. पूजा चालू असताना मी मागच्या खोलीत गेले. आई पोत्यांमध्ये कॉटवर बसली होती, टॅब मांडीवर. तिनं माझ्यादेखत हिरवं बटण दाबलं, पदर सारखा केला आणि बाहेर येऊन बसली.

आणि काहीच झालं नाही.

मी एकेकाच्या हाताकडं बघत होते. फोन सगळ्यांकडं होते. कुणी पूजेचे फोटो काढत होतं, कुणी व्हॉट्सॲप बघत होतं. ईमेल उघडतो कोण? इतके दिवस खपून आम्ही ते पत्र विहिरीत टाकल्यासारखं झालं होतं. काका उठून बोलायला लागले, "ही जागा वहिनींनी मोठ्या मनानं दिली. त्यांचीच इच्छा होती." लोकांनी आईकडं कौतुकानं पाहिलं. आई ताठ बसली होती.

पंगत बसली. अक्कलकोटचे मास्तर पुरीची वाट बघत खिशातून फोन काढून बसले. शाळेची परिपत्रकं ईमेलवर येतात म्हणून त्यांना सारखं बघायची सवय. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मग आईकडं पाहिलं.

"अक्का, हे तुम्ही लिव्हलंय काय रीऽ?"

आईनं होकारार्थी मान हलवली आणि बोटानं खूण केली. वाचा. मोठ्यानं.

मास्तरांनी वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं.

"समद्यास्नी नमस्कार. मी मेली न्हाय. माजा आवाज गेलाय, डोस्कं जाग्यावर हाय. फुडची खोली मी कुनाला दिली न्हाय. मला कुनी इचारलं न्हाय. लेक येतो म्हनला तवा येऊ नगं आसं मी म्हटलं न्हाय. मी वाट बगत हुते. भाऊजी माज्या नावानं बोलत्यात ते माजं बोलनं न्हाय. हितनं फुडं मी लिवीन तेवडंच माजं."

वाढणाऱ्या बायका हातातली परात तशीच धरून उभ्या राहिल्या. काकांचा चेहरा आधी हसतच होता, मग ते हसू तिथंच वाळलं. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हे हिचं काम आहे. वहिनींना कुठलं येतंय हे?"

मला काही बोलावंच लागलं नाही. आई उठली, टॅब घेऊन आली आणि पंगतीच्या मधोमध मास्तरांशेजारी बसली. सगळ्यांदेखत एकेक बटण दाबत तिनं लिहिलं. वेळ लागत होता, पण कुणी हललं नाही. त्या घरात आईसाठी सगळे थांबलेत असं मी पहिल्यांदा पाहत होते. मग तिनं टॅब मास्तरांपुढं धरला.

"भाऊजी," मास्तर वाचू लागले, "मी बोलताना मदी बोलू नका."

पंगतीत कुणीतरी हसलं. मामा उठले, हात धुतले आणि विचारलं, "माझ्या बहिणीची कॉट कुठाय?" प्रसादाच्या पुडीसकट माणसं मागच्या खोलीत गेली. संध्याकाळच्या आत बाक अंगणात आले आणि कॉट खिडकीखाली. काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून होते. त्यांच्या खांद्यावर कुणी हात ठेवला नाही. मला त्यांची कीव आली नाही. आजही येत नाही.

भावाचं उत्तर त्याच दिवशी आईच्या पडद्यावर आलं. "आई, मी येतोय. आता फक्त तुलाच विचारणार." तो आला, आठवडाभर राहिला, आईच्या कॉटशेजारी सतरंजी टाकून झोपला. आईनं पुन्हा केलेली शेव त्यानं रोज खाल्ली.

पण आईचं तेवढ्यावर भागलं नाही. तिनं 'सगळे'च्या खाली आणखी एक फोटो घालायला लावला, काकांचा. रोज सकाळी चहा झाला की ती वरच्या मजल्यावर पत्र पाठवायची. "त्या दिवशी डॉक्टरास्नी माजं दुकनं तुमी खोटं सांगितलं." "माज्या भाचीच्या लग्नाला मला जायचं हुतं, तुमी न्हाय म्हटलं." तिच्या नावानं बोललेली एकेक गोष्ट. इतकं सगळं तिच्या लक्षात होतं, हे मलाही माहीत नव्हतं. काकू एकदा खाली आली, पदराला डोळे पुसत. "अक्का, आता बास करा की. ह्यांना जेवण जात न्हाय." आईनं तिला जवळ बसवलं, लाडू दिला आणि पाटीवर लिहिलं, "तुजा राग न्हाय. पन बास न्हाय."

शेवटी काका स्वतः खाली आले. मी तिथं होते. बारीक झाले होते. दारातच थांबून म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं."

आईनं तोंड फिरवलं नाही, मान हलवली नाही. टॅब ओढला आणि लिहिलं. मी वाचून दाखवलं, "तोंडी नगं. लिवून पाटवा. सोत्ता."

काकांना मराठी टाईप करता येत नव्हतं. कचेरीत ते काम कायम दुसऱ्यानं केलेलं. मुलाकडून लिहून त्यांनी एक छान शुद्ध पत्र पाठवलं. आईनं ते उघडलं, एक ओळ वाचली आणि उत्तर दिलं, "हे तुमचं न्हाय."

पुढं बरेच दिवस वरून काही आलं नाही. मग एका दुपारी माझ्यासमोरच आलं. "वहीनी मि चूकलो माफि करा." तेवढंच, आणि तेही असं.

आईनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. ओठ हलवत, एकेक अक्षरावर थांबत. मी विचारलं, "काय उत्तर देणार?"

तिनं टॅब बंद केला, पाटी घेतली आणि लिहिलं, "बगू."