दातांचं औषध

मशेरी भाजल्याचा वास आला की मी अजून नाकाला पदर लावते. एकोणीसशे चाळीस-पंचेचाळीसच्या सुमाराला कर्जतजवळ पोशीर गावातल्या आमच्या घरात तो वास दर दोन-चार दिवसांनी उठायचा. आई तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेस्तोवर भाजायची, पूड करून डबीत भरायची आणि उठता-बसता बोटानं दातांना लावायची. काळी थुंकी केळीच्या बुंध्याशी, काळं बोट दाराच्या चौकटीला. तोच तवा घासून त्यावर तांदळाची भाकरी. शी!

एका वर्षी आईच्या छातीत धडधड सुरू झाली. नुसती बसून असली तरी नाडी पळायची, डाव्या कुशीवर निजता येईना. वडिलांनी गाडी जुंपली आणि आम्ही दोघं तिला कर्जतला वैद्यांकडे घेऊन गेलो. त्यांनी मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ डोळे मिटले. चहा बंद, मीठ कमी, अर्जुनाच्या सालीचा काढा दोन वेळा, संध्याकाळी सावकाश चालायचं, निजण्याआधी ताठ बसून श्वास हळू घ्यायचा नि त्याहून हळू सोडायचा, असं सगळं सांगून त्यांनी विचारलं, "तंबाखू वगैरे?"

"छ्या! आमच्यातल्या बाया तंबाखूला हात नाय लावत," वडील म्हणाले.

"मशेरी लावते की," मी म्हटलं.

वैद्य हसले. "अगं, ते दातांचं औषध."

परतताना आईनं गाडीतच डबी उघडली.

आईनं पथ्य मात्र कडक पाळलं. काढा प्यायची आणि तोंड कडू झालं म्हणून लगेच मशेरी लावायची. श्वासाला बसायची तीही ओठाआड मशेरी धरून. मला किळस यायची आणि संतापही यायचा.

मग एकदा तिचं तोंड आलं. बोट आत घालवेना, डबी फळीवर पडून राहिली. आधी चिडचिड झाली, डोकं दुखलं, मग हळूहळू धडधड ओसरली. आई डाव्या कुशीवर गाढ झोपू लागली. काढ्याचा गुण आला म्हणून वडिलांनी वैद्यांना तांदूळ पोचवले.

"आई, आता ती डबी फेकून दे ना," मी अक्षरशः पाया पडले.

"नि दात पडले मंजी? बोळकं घेऊन फिरू व्हय गं?" तोंड बरं होताच तिनं डबी खाली काढली.

धडधड परतली. वैद्यांनी काढा वाढवला. भातकापणीत आई बांधावर जरा टेकली, ती उठलीच नाही.

बाराव्याला बाया ओटीवर जमल्या. आईचीच डबी हातोहात फिरत होती.

"बिचारीला कसलं म्हून व्यसन नव्हतं," शेजारची काकी म्हणाली आणि दातांवरून बोट फिरवत डबी माझ्यापुढे धरली. "घे गं पोरी, आईची हाय. रडून रडून छातीत धडधडतंय ना? कमी व्हईल."