हळू चालवलेली गाडी

ओळखपत्रावर काहीही नाव असो, घरी ती चिमीच होती. इंजिनिअरिंग कॉलेजात ती पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय होता रस्ते. गाडीच्या पुढच्या काचेपाशी एक जुना मोबाइल घट्ट बसवलेला असायचा. गाडी हलली की तो आपोआप सुरू होऊन प्रत्येक धक्का टिपायचा. त्या धक्क्यांवरून चिमीचा प्रोग्रॅम सांगायचा, इथे खड्डा आहे, इथे गटाराचं झाकण वर आलंय, इथे नुसताच गतिरोधक. "लोकांच्या मुली माणसांच्या डॉक्टर होतात," आई शेजारणीला सांगायची, "आमची खड्ड्यांची होणार."

थट्टा करायची खरी, पण रविवारी सगळ्यांत आधी गाडीत जाऊन बसायची तीच. गाडी बाबांची, चालवायचेही तेच; त्यांचं पंपांच्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचं दुकान त्या दिवशी बंद असे. चिमी पुढे लॅपटॉप घेऊन, आई मागे मटार सोलत. धक्का बसला की मागून आवाज यायचा, "हा मोठा होता गं! आला का तुझ्यात?" नसेल आला तर बाबा गाडी वळवून पुन्हा त्याच खड्ड्यात घालायचे. चिमी उतरून टेपने खोली मोजायला लागली की आई हात आडवा करून मागच्या गाड्या थांबवायची, अशा थाटात की जणू सगळी वाहतूक हिच्याच शब्दावर चालते.

मग चिमीला शहरातच भरणाऱ्या एका परिषदेत आपलं काम मांडायचं बोलावणं आलं. पहिलंच. तिला तहानभूक सुचेना. तिचे मार्गदर्शक सर रोज नवी चूक काढायचे, ती रोज आलेख नव्याने करायची. टेबलावर ताट गार होऊन जायचं. आई खोलीचं दार हळूच लोटून घ्यायची आणि बाबांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगायची.

परिषद तोंडावर आली असताना एका दुपारी आई स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली. पोट लाकडासारखं कडक झालं होतं. रुग्णवाहिकेचा फोन लागेना, तेव्हा बाबांनी गाडी काढली. मागच्या सीटवर चिमी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. हॉस्पिटलचा रस्ता तिला तोंडपाठ होता. तिच्या खड्ड्यांच्या नकाशात तो टोकापासून टोकापर्यंत लाल होता. पहिल्याच खड्ड्याला आईच्या तोंडून असा आवाज निघाला, की बाबांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"अहो, हळू घ्या ना," आई म्हणाली.

बाबांनी हळू घेतली. चुकवता येईल तो खड्डा चुकवला, येणार नाही त्यात गाडी अलगद उतरवली. मागचे हॉर्न बडवत होते. त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

आतड्याला भोक पडलं होतं आणि विष अंगभर भिनलं होतं. ऑपरेशन झालं, पण आई शुद्धीवर आली नाही. ती गेली तेव्हा डॉक्टरीणबाई हळहळून म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं."

त्यानंतर बाबांनी एकच धरलं. भेटायला येईल त्याला सांगायचे, "मी गाडी हळू चालवली." दुकानाकडे फिरकेनात. एकदा चिमीच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"त्या दिवसाचं तुझ्या मोबाइलात आलं असेल ना?"

"आलंय, बाबा."

"किती हळू होतो मी?"

खोटं बोलणं तिला जमलं नाही. "नेहमीच्या निम्म्यानं."

"वाटलंच मला," म्हणाले आणि निघून गेले.

सर म्हणाले, "तू नको जाऊस, तुझ्याऐवजी दुसरं कुणी बोलेल." पण चिमी गेली. आईनं इतके रविवार घातले होते त्यात. व्यासपीठावर तिचा आवाज नीट लागला. हॉस्पिटलच्या रस्त्यावरच्या सगळ्या फेऱ्यांचा आलेख पडद्यावर आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी हात वर केला.

"ही एक फेरी इतकी वेगळी का? सेन्सर बिघडला होता?"

"नाही सर. गाडीत पेशंट होता."

"मग ती वगळायला हवी."

"हो, वगळते," चिमी म्हणाली, आणि पुढे काय सांगायचं होतं तेच तिला आठवेना. कुणीतरी पाणी आणून दिलं. तिनं भाषण पुरं केलं, टाळ्या झाल्या, रस्ते विभागाच्या एका साहेबांनी नकाशा मागितला. तिनं दिला आणि तशीच हॉस्पिटलात गेली.

डॉक्टरीणबाईंना तिनं विचारलं, "आम्ही गाडी जोरात आणली असती तर?"

"गाडीचा काय संबंध?" त्या म्हणाल्या. "दुखणं चांगलं चार-पाच दिवसांचं होतं. इतकं त्यांनी सोसलं कसं, याचंच आम्हाला नवल वाटलं. घरात कुणाला बोलल्या नाहीत?"

चिमी जवळजवळ धावतच घरी आली. निदान बाबा तरी सुटले, एवढंच तिच्या मनात होतं. बाबा पलंगावर बसून वाळलेले कपडे घडी करत होते.

"बाबा, तुमची काही चूक नाही! मी विचारून आले. मिनिटांचा प्रश्नच नव्हता, दिवसांचा होता."

"माहीत आहे मला," बाबा बोलून गेले आणि घडी करणारे हात थांबले.

"माहीत आहे? मग हे 'हळू चालवली, हळू चालवली' काय लावलंत?"

बाबांनी हातातली घडी मोडून पुन्हा घातली. चिमी त्यांच्याकडे बघत राहिली. "आई तुम्हाला बोलली होती. दुखतंय म्हणून."

"दोनदा म्हटलं तिला, चल, दाखवून येऊ. म्हणाली, पोरीचं भाषण होऊन जाऊ दे. आत्ता कळलं तर सगळं टाकून माझ्या उशाशी बसेल."

"मला का नाही सांगितलंत?"

"तिनं शपथ घातली होती."

"आणि नंतर?"

"नंतर सांगून काय करायचं होतं, चिमे? जन्मभर तेच उराशी धरून बसली असतीस. त्यापेक्षा मी गाडी हळू चालवली, हे बरं होतं."

चिमी पलंगावर त्यांच्याशेजारी बसली. कपड्यांच्या ढिगात आईचा एक गाऊन राहिला होता. त्याला दोघांपैकी कुणीच हात लावला नाही.

पुढे तिचा शोधनिबंध छापून आला, पीएच.डी. झाली, कॉलेजात नोकरीही लागली. वर्षभरानं हॉस्पिटलचा रस्ता नवा झाला. तिच्या नकाशामुळे की आणखी कशामुळे, कोण जाणे. बाबांनी गाडी विकली आणि दुकान पुन्हा उघडलं. पण आता त्यांना साधी शिंक आली तरी ते चिमीला फोन करतात. ती वर्गात शिकवत असते, खिशात फोन थरथरतो. मुलांना थांबायला सांगून ती व्हरांड्यात येते.

"काही नाही गं, गुडघा जरा धरलाय."

"कधीपासून?" ती विचारते, आणि सगळं ऐकून घेते.