रिव्हॉल्व्हरची पुंगळी

नव्वदच्या दशकात मी जुन्नरला एका कचेरीत टायपिस्ट होते आणि फावल्या वेळात रेडिओसाठी खुनाच्या श्रुतिका लिहीत होते. बंदूक जन्मात हाती धरली नव्हती. माझं सगळं शस्त्रज्ञान बाजारपेठेतल्या वाचनालयातल्या जुन्या रहस्यकथांमधून आलेलं. त्यांतला डिटेक्टिव्ह खिशातून पिस्तूल काढी, पुढच्या परिच्छेदात त्याचं रिव्हॉल्व्हर होई, आणि पान उलटेपर्यंत त्यातून दहा-बारा गोळ्या सुटलेल्या असत. मधे थांबून पुन्हा भरणं हा प्रकार नाही. गोळी लागलेला माणूस पाच फूट मागे उडून खिडकीबाहेर पडे, पण जाता जाता खुन्याचं अर्धं नाव सांगण्याइतका दम त्याच्यात उरलेला असे. मी हे सगळं खरं मानलं. छापलेलं होतं ना!

माझी पहिली श्रुतिका लागली आणि केंद्रामार्फत फिरत फिरत एक पोस्टकार्ड आलं. डिंभ्याच्या धरणाजवळच्या एका गावाहून.

‘आपल्या श्रुतिकेत इन्स्पेक्टरने रिव्हॉल्व्हरमधून नऊ गोळ्या झाडल्या. मी मोजल्या. त्यात सहा मावतात. उरलेल्या तीन कोठून आणल्या ते कळवावे. तसेच रिव्हॉल्व्हर झाडल्यावर काडतुसाची रिकामी पुंगळी खाली पडत नाही, आतच राहते. पडते ती पिस्तुलाची. सबब, इन्स्पेक्टरने जमिनीवरून उचलली ती पुंगळी कोणाची? आपला, निवृत्त हवालदार.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उलट टपाली कळवलं, ‘श्रुतिका ही कला आहे, दारूगोळ्याची यादी नव्हे.’ या वाक्यावर मी इतकी खूश होते की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला ते दोनदा वाचून दाखवलं.

महिन्याभराने कडक इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका गृहस्थाने माझ्यापुढे दाखल्याचा अर्ज ठेवला. अक्षर ओळखीचं. मजकुरात ‘सबब’ तीनदा.

“तुम्हीच का ते?” मी विचारलं.

“अन् तुमीच का त्या कलावाल्या?”

लष्करात वीसेक वर्षं काकांनी (मी त्यांना पुढे काकाच म्हणू लागले) एकच काम केलं होतं. हत्यारं उघडायची, दुरुस्त करायची, जोडायची. तेवढ्यात चहावाला सहा ग्लासांची जाळी घेऊन आला. काकांनी ती माझ्या टेबलावर ओढली.

“हे तुमचं रिव्हॉल्व्हर. च्या पिला म्हणून गेलास जाळीतनं उडून पडतो का? तितंच ऱ्हातो. समदं झालं की आपल्या हातानं काढायचा. आता सांगा, नववा च्या कुणी पिला?”

कारकून हसून लाल झाला. मला मात्र दुसरी श्रुतिका दिसायला लागली.

“गावात तर तुमचा भलताच दबदबा असेल,” मी म्हटलं.

“गावात बंदूक एकाच घरी,” ते म्हणाले. “बारा बोअरची. वरातीला वाजवायची अन् भिंतीला टांगायची. गंजून अडकली, तर त्यांनी पार शहरातनं माणूस आणला. आमची वस्ती त्या घरापासनं हाकंवर. पर हाक काय आली न्हाई.”

त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. गावाने मात्र जुनं काहीच सोडलं नव्हतं. ते हसत होते. मला हसू येईना.

दुसरी श्रुतिका मी त्यांना तीन वेळा दाखवून लिहिली. खून रिव्हॉल्व्हरने होतो. एका पिस्तूलवाल्यावर आळ यावा म्हणून खुनी प्रेताजवळ एक रिकामी पुंगळी टाकतो आणि तिथेच फसतो, कारण प्रेतातली गोळी रिव्हॉल्व्हरची निघते आणि रिव्हॉल्व्हर पुंगळी टाकत नाही, हे डिटेक्टिव्हला ठाऊक असतं. इतकी चोख रहस्यकथा मराठीत झाली नसेल, असं माझं प्रामाणिक मत होतं.

रविवारी दुपारी ती लागायची होती. मी एसटीने डिंभ्याला गेले. गाडी दीड तास उशिरा सुटली, पण मी सकाळीच निघाले होते म्हणून वेळेवर पोहोचले. काका रेडिओसमोर ताठ बसले. काकूही ओले हात पदराला पुसत आल्या.

गोळी सुटली. धाड्! आणि लगेच फरशीवर स्वच्छ, सुरेल आवाज झाला. टण्ण. टिण्ण. टिन्‌न्‌न्‌. पुंगळी उड्या मारत लांबवर गेली. आवाज देणारा बहुतेक माझ्याच वाचनालयाचा सभासद असावा.

पंधरा मिनिटांनी डिटेक्टिव्ह गंभीरपणे म्हणाला, “रिव्हॉल्व्हरची पुंगळी कधीच खाली पडत नाही!”

“आवो,” काकूंनी विचारलं, “मग मगाशी पडलं काय ते?”

काकांनी कलाकारांतलं शेवटचं नाव उच्चारलं जाईपर्यंत ऐकलं, मग रेडिओ बंद केला. “तुमचं लिवणं बराबर व्हतं. हुकूम बराबर, पाळणाऱ्यानं घोळ घातला. पलटणीत बी लई व्हायचं असं.”

पुढच्या आठवड्यात मी केंद्रावर जाऊन भांडले. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, “बाई, नुसतं धाड् कोरडं वाटतं हो. त्या टिण्णनं जान आली.” आणि त्यांनी श्रोत्यांची पत्रं पुढे केली. झाडून सगळ्यांनी पुंगळीच्या आवाजाची तारीफ केली होती. एकाने लिहिलं होतं, ‘इतकी अस्सल बंदूक रेडिओवर प्रथमच ऐकली.’ रहस्य कुठे फुटलं याची कुणालाच पडली नव्हती.

ती पत्रं मी काकांना कधी दाखवली नाहीत. मी पुढे कौटुंबिक श्रुतिकांकडे वळले. डिंभ्याला मात्र जात राहिले, कधी काकांशी वाद घालायला, पण खरं सांगायचं तर बरेचदा काकूंच्या हातचे धरणातले मासे खायला.