शेंदराखालची नावं

आमच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाईंना एकच ध्यास होता. पांढुर्ण्याच्या जुन्या चर्चमध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या नावांची शिळा होती, ती शोधायची. तिच्यावर त्यांच्या आजोबांचं नाव होतं. आजोबा फौजेत खेचरं हाकायला गेले ते परतलेच नाहीत, आणि त्यांची कबर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. चर्चची भिंत पडली तेव्हा शिळाही नाहीशी झाली. "मराच्या आधी एकडाव त्या नावावर हात ठेवाचा हाय, भाऊ," बाई म्हणाल्या. मी इतिहासाचा मास्तर, लगेच फुशारून शोधून देतो म्हणालो.

सौंसर, रामाकोना, तिगाव, जिथे जुना घडीव दगड दिसला तिथे बाईंना मोटारसायकलवर बसवून घेऊन गेलो. लोकांच्या पायऱ्या तपासल्या, धुण्याचे दगड उलथवले. रामाकोन्याला एका म्हाताऱ्यावर तर मी आवाज चढवला, "मेलेल्या माणसायच्या नावाचा दगड नेता, लाज नाही वाटत?" त्याच्याकडे तसला दगड नव्हताच. बाईंनीच मला दंडाला धरून बाहेर आणलं.

संत्र्याच्या तोडीआधी आम्ही शेतातल्या मारोतीला शेंदूर लावतो, नारळ फोडतो. यंदा सकाळी नारळ फोडून मी शेंदूर लावायला हात लावला आणि वर्षानुवर्षांच्या शेंदराची जाड खोळ सुटून खाली पडली. आत सपाट दगड निघाला. त्यावर इंग्रजी अक्षरं होती, एकाखाली एक नावं. मधलं एक नाव बाईंच्या आजोबांचं होतं.

मोठ्या भावाला विचारलं तर तो सहज म्हणाला, "बाबानं पडक्या चर्चातून आणला होता, बंडीत टाकून. बांधाले लावासाठी. उभा ठेवला तं आईनं शेंदूर लावला."

"मंग सांगितलं काहून नाही? मी सारा मुलूख पालथा घालून राहिलो!"

"तू घरी कुठं इचारलं?"

तेलात कालवलेला शेंदूर माझ्या हातातच होता. नावं पुन्हा झाकून टाकावीत, असं मनात आलं. आलं हे खरं आहे, आणि ते लिहितानाही कान तापतात. शेवटी दुपारी बाईंना घेऊन आलो.

बाईंनी चपला बांधापाशीच काढल्या. खाली बसल्या, एकेका नावावरून बोट फिरवत आजोबांपाशी आल्या आणि तळहात टेकवून तशाच राहिल्या. हात लाल झाला.

"माफ करा बाई," मी म्हणालो. "आमाले मालूम नव्हतं. पण पूजा कधी चुकवली नाही. दरसाल नारळ फोडतो, साऱ्या गल्लीत परसाद वाटतो."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. आम्ही प्रसाद घरोघर द्यायचो, फक्त बाईंचं दार टाळून पुढे जायचो. त्या ख्रिस्ती, त्यांच्यात प्रसाद चालत नाही, असं आमचं आम्हीच ठरवलं होतं. त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

बाईंनी दगडावरचा हात काढला नाही. "माह्या आज्याच्या नावापुढचा नारळ," त्या हळूच म्हणाल्या, "अन् सोडलं ते आमचंच दार."

सकाळच्या नारळाचे तुकडे माझ्या पिशवीत होते, गल्लीत वाटायचे. ते त्यांच्यापुढे करायला माझा हात उठला नाही.