न पाहिलेल्या गावाच्या किल्ल्या

माझी मस्करी मला कायम महागात पडते. चौथीत मास्तर म्हणाले, आपल्या गावाचं चित्र काढा. मी कोरी पाटी दाखवली. म्हटलं, सगळी शेतात गेलीत. वर्ग हसला, मास्तर काही हसले नाहीत, आणि माझं शिक्षण तिथंच आटोपलं. पुढं पोरगी बघायला गेलो, तेव्हा तिच्या बापानं विचारलं, काय काम करता? मी पुण्यात तंदूरवर होतो. सरळ तसं सांगायचं ना. मी म्हटलं, आग लावतो. चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं. नंतर कुणी पोरगी दाखवलीच नाही, म्हणून मी हा असा सुटा, जपानात नान भाजत बसलोय. हे पण मी लिहीत नाहीये, फोनला बोलतोय आणि फोन लिहितोय. त्यालाही माझं सगळं पटत नाही, मधेच थांबतो.

दुकान, म्हणजे आमचं इंडियन हॉटेल, निशी-कसाईला आहे. राहायला ग्योतोकूला एक खोली, त्यात आम्ही दोघं. दुसरा गढवालचा, वर उत्तरेकडच्या पहाडातला. तो मला भैजी म्हणतो, म्हणजे मोठा भाऊ. मी त्याला भुला म्हणतो, म्हणजे धाकटा. तो रस्सा सांभाळतो, मी तंदूर. आमचं बोलणं हिंदीत. माझी हिंदी ऐकली की त्याचा शीण जातो म्हणतो, एवढाच माझा त्याला उपयोग. रविवारी पुण्याची कॉम्प्युटरवाली मंडळी येतात, "काका, मिसळ नाही का हो?" विचारतात. त्यांची पोरं जपानीत आईसक्रीम मागतात. मी दोघांनाही नान देतो.

कांदा चिरताना भुला त्याच्या गावाबद्दल बोलायचा. कांदा चिरतानाच का, ते मी कधी विचारलं नाही. गाव कसं झालं म्हणे, तर दोन भाऊ मेंढ्या घेऊन वर चढले, एका मेंढीनं पाय आपटला आणि तिथं पाणी लागलं. मी म्हटलं, म्हणजे तुमचं गाव मेंढीनं वसवलं. तो म्हणाला, हो ना भैजी, आणि मेंढ्यांसारखंच एकामागून एक खाली उतरलं.

उतरलं ते असं. आधी माणसं फौजेत गेली. मग दिल्लीच्या हॉटेलात. मग एक जण जपानात आला, त्यानं मेव्हण्याला ओढलं, मेव्हण्यानं चुलतभावाला. आता इथल्या तोझाई रेल्वे लाइनवर त्यांच्या गावची जितकी माणसं भेटतील, तितकी त्यांच्या डोंगराच्या बसमध्ये भेटणार नाहीत. बस म्हणजे, आधी रस्ताच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या मागणी केली, शेवटी रस्ता झाला, गावानं गूळ वाटला. आणि मग त्याच रस्त्यानं राहिलेलं गाव सामान घेऊन खाली गेलं. बायका-पोरं शाळेसाठी शहरात, म्हातारी दवाखान्यासाठी. वर एकच माणूस राहिला, त्यांचा बोडा. बोडा म्हणजे थोरला चुलता. सगळ्यांचाच चुलता, कारण गाव एकाच रक्ताचं. गावात माणसं किती, असं मी एकदा फोनवर बोडाला विचारलं होतं. म्हणाले, "एक मी आणि एक देवी. देवी बोलत नाही, म्हणून मलाच बोलावं लागतं."

जो जो गाव सोडायचा तो जाताना घराची किल्ली बोडाकडे ठेवायचा. आणि बोडाचं काम काय, तर रोज एक घर उघडायचं. तिकडची घरं दगडाची, छपरावर चपटे दगड, खाली देवदाराच्या तुळया. चुलीचा धूर लागत राहिला तर तुळईला कीड लागत नाही. चूल थंड पडली की दोन-चार पावसाळ्यांत छप्पर खाली येतं. म्हणून बोडा आज या घरात चूल पेटवायचे, उद्या त्या घरात. त्याच चुलीवर आपला चहा करायचे, त्या घरात बसून प्यायचे, विस्तव दाबायचे, कुलूप लावायचे. समोरच्या डोंगरावरून बघणाऱ्याला वाटायचं, गाव नांदतंय. हे ऐकून मी म्हटलं होतं, एवढ्या घरी चहा मिळतो, माणूस सुखी आहे. भुला हसला नव्हता. ही मस्करीची गोष्ट नाही, हे खरं तर तिथंच मी समजायला पाहिजे होतं.

दुपारी तीनला जेवणाची गर्दी संपते ते पाचपर्यंत सगळ्याच दुकानांना सुट्टी असते. त्या वेळात त्यांच्या गावची माणसं कधीमधी आमच्या दुकानात जमायची. खुर्च्या टेबलावरून खाली घ्यायच्या, उरलेली डाळ खायची, आणि भिंतीला फोन टेकवून बोडाला लावायचा. तिकडं तेव्हा सकाळचं ऊन असतं, बोडा उन्हात बसलेले दिसायचे. मी कोपऱ्यात तंदूरच्या गरम अंगाला पाठ टेकून पडायचो. माझ्या पाठीला दुसरं औषध नाही.

त्या दिवशी बोडा कामाचं बोलले. गुडघे गेलेत. डेहराडूनला लेक आहे, तिनं डॉक्टरला दाखवलं, डॉक्टर म्हणतो ऑपरेशन करा, नाहीतर हा हिवाळा बसून काढाल. आणि बर्फात एकटं बसून हिवाळा निघत नाही, हे बोडानं सांगायची गरज नव्हती. लेक घेऊन जायला तयार होती. पण किल्ल्यांचं काय?

 मग एकेक जण हळूहळू बोलला. एकाची पोरं इथल्या शाळेत, त्यांना जपानीशिवाय धड येत नाही. एकानं नुकतंच स्वतःचं दुकान टाकलेलं. एकाची बायको म्हणते, पहाडावर पाय ठेवणार नाही. भुला नुसता टेबल पुसत होता. आधीच पुसलेलं टेबल. फोनमध्ये बोडा सगळ्यांकडं बघत होते, आणि सगळे डाळीकडं.

मला अशी शांतता सोसत नाही. देवळात, मयताला, कुठंही. तोंडातून काहीतरी निघतंच. मी कोपऱ्यातून म्हटलं, "द्या बोडाजी माझ्याकडे. मला एक घर नाही, गावच द्या."

मला वाटलं, हसतील. एक जण हसायला लागला आणि मधेच थांबला. टेबल पुसणारा हात पण थांबला.

बोडा म्हणाले, "कोण बोललं?"

भुला घाईनं म्हणाला, "आमचा महाराष्ट्रवाला आहे, बोडाजी. ह्याला मस्करीची खोड आहे."

"असू दे खोड. मागितल्या ना तोंडानं?"

 फोन बंद झाला, माणसं चपला घालून आपापल्या दुकानाकडं गेली, जाताना माझ्याकडं अशी बघत होती जसं मी त्यांच्यातल्या कुणाला तरी धक्का मारून पाडलंय. कुणाला ते मला कळेना.

मग भुलानं सांगितलं. त्यांच्याकडं असं आहे की सांभाळ देता येत नाही. देवीची पेटी असो, पाण्याची पाळी असो, की किल्ल्या. ज्याच्याकडं आहे तो कुणाच्या हातात कोंबू शकत नाही. दुसऱ्यानं आपल्या तोंडानं मागावं लागतं. आणि मागितलं की चूल पेटवणं त्याच्याकडं आलं. म्हणून इतकी वर्षं सगळे बोडाशी तब्येतीबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे, पण "द्या" हा शब्द कुणी काढत नव्हतं. बोडा दर वेळी तेवढ्याच एका शब्दासाठी फोनजवळ बसायचे. आणि तो काढला कुणी, तर मी. ज्यानं तो डोंगर कॅलेंडरवर पण बघितला नाही.

भुला पुढं काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. दोन नान, एक चीज नान. रागावला असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी उलटं बोललो असतो. तो रागावला नव्हता, दमला होता. एकाच खोलीत दोन दमलेली माणसं म्हणजे काय ते ज्यानं सोसलंय त्यालाच माहीत. मी कचरा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला, खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी तो परत दारात आणून ठेवला, वर चिठ्ठी. तरी भुला हसला नाही.

मी बोडाला स्वतः फोन लावला. ठरवलं होतं, सांगून टाकायचं की मी मूर्ख माणूस आहे, शब्द परत घेतो. म्हटलं, "बोडाजी, मी तुमचं गाव पाहिलेलं नाही."

"गावानं तरी तुला कुठं पाहिलंय?"

"मी तुमच्या जातीगोतीचा नाही."

"धुराला जात नसते. चूल पेटवता येते ना?"

आता आयुष्यभर मी दुसरं केलंय काय?  तेवढ्यात ते उठायला गेले, आणि फोन नुसता आभाळ दाखवायला लागला. बराच वेळ आभाळ आणि कण्हणं. शेवटी परत दिसले तेव्हा माझ्या तोंडातून शब्द परत घेतो हे निघेना. घेतला असता तर म्हातारा त्या गुडघ्यांवर बर्फात बसला असता, किल्ल्या उशाला घेऊन. मी म्हटलं, पाठवून द्या.

किल्ल्या आणल्या भुलाच्या बायकोनं. तिचा व्हिसा त्याच सुमारास झाला, आणि निघायच्या आधी ती पाया पडायला वर जाऊन आली होती. विमानतळावर आम्ही दोघं घ्यायला गेलो. तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं वळली. "तुम्हीच का आमच्या गावचे मालक?"

मी म्हटलं, "हो वहिनी. भाडं थकलंय तुमचं."

"घ्या मग," म्हणाली, आणि पिशवी माझ्या हातात दिली. हात खाली गेला. लोखंड जड असतं. "दिल्लीला दोनदा बॅग उघडली. म्हणाले एवढ्या किल्ल्या कशाच्या? मी सांगितलं, घराच्या. म्हणाले, एका घराला एवढ्या? आता त्यांना काय सांगू."

बोडा डेहराडूनला गेले. एका गुडघ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. लेकीच्या गच्चीवरून फोन करतात, म्हणतात इथं माणसं फार आहेत. म्हणजे त्या गावात आता एक देवी राहिली. मेंढीनं वसवलेलं गाव शेवटी कुणी उठवलं विचाराल, तर मी. इतिहासात नाव निघायचं तर असं निघालं.

भुला-वहिनीनं शेजारच्या इमारतीत खोली घेतली. माझ्या खोलीत खिळ्याला किल्ल्या लटकल्या. प्रत्येकीला बोडानं चिंधी बांधली होती, ज्या घराची त्या घरातल्या कपड्याची. फौजेच्या शर्टाची, लहान पोराच्या झबल्याची, कुठल्या तरी हिरव्या लुगड्याची. मला काय कळणार कोणती कुणाची. पण ती माणसं यायला लागली. तीन ते पाचमधे मी खोलीवर यायचो तेव्हा, तोझाई लाइन धरून, कोणी कोनबिनीतलं, म्हणजे इथल्या रात्रंदिवस उघड्या दुकानातलं, भजी म्हणून काहीतरी तळलेलं घेऊन. बसायची, चहा प्यायची, मग खिळ्याजवळ जायची. आपली किल्ली ओळखायची. कुणी नेली नाही. हात लावायची, आणि मला सांगायची.

ज्याचं नवीन दुकान आहे तो म्हणाला, आमचं दार आधी उचलायचं आणि मग किल्ली फिरवायची, नुसती फिरवली तर तुटेल. ज्याची पोरं जपानी बोलतात तो म्हणाला, उंबऱ्याशी डोकं वाकवा, आमच्या आजोबांपासून सगळ्यांच्या कपाळाला खूण आहे. एकानं सांगितलं की चुलीच्या डाव्या अंगाला कोनाडा आहे, तिथं काडेपेटी असेल, कोरडी. ज्याची बायको पहाडावर पाय ठेवणार नाही तो सगळ्यात जास्त वेळ बसला. खिडकीचं सांगितलं, कोंबड्यांचं सांगितलं, कोंबड्या आता नाहीत तरी. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो. सगळं लक्षात राहत नाही, मग उलटसुलट सांगतो आणि ते वैतागून परत सांगतात. आता माझी अशी गत झालीय की माझ्या स्वतःच्या गावच्या दाराला कडी आहे की अडसर ते आठवत नाही, तिथं भावजया आहेत, त्यांना मी आलेला नकोच असतो. आणि ह्या न बघितलेल्या गावातलं कुठलं दार कुरकुरतं ते माहितेय.

मालकाकडं सुट्टी मागितली. मालक म्हणाला, कुठं? म्हटलं, गावाला. म्हणाला, तुझं गाव सोलापूरकडं ना? मी म्हटलं, बदली झाली. ह्या वेळेला मस्करी कामाला आली, बर्फ वितळल्यावरची सुट्टी मिळाली. महिनाभराची. तेवढ्यात प्रत्येक चूल एकदा पेटेल, आणि तुळया पुढच्या वर्षापर्यंत थांबतील का, ते तुळयांनाच ठाऊक. कायमचा कोण जाणार आहे. मी पण नाही. हे बोडाला माहितेय, आणि मला माहितेय.

भुला तेवढा खिळ्याजवळ आला नव्हता. परवा दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. मी तंदूरला पाठ टेकून, तो पातेलं घासत. मी विचारलं नव्हतं, तोच बोलला, पाठमोरा.

"हिरवी चिंधी आमची आहे. आईचं लुगडं."

मी म्हटलं, "दाराचं काय? उचलायचं, वाकायचं, लाथ मारायची?"

"काही नाही. आमचं सरळ उघडतं." नळ बंद केला. "भैजी, आमचं शेवटी उघड. आणि लगेच कुलूप लावू नको. थोडं बस."

एरवी मी काहीतरी बोललो असतो. बसायला खुर्ची आहे का, असं काहीतरी. सुचलं नाही. बसतो म्हटलं, आणि पाच वाजत आले होते म्हणून उठून तंदूर पेटवला.